आधीच भरलेली चौकट

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातल्या राजूरची ओळख म्हणजे कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या. आसपासचे लोक गावाला राजूर कॉलरी म्हणूनच ओळखतात. कोळसा असो, चुनखडी असो की भट्टीतून निघालेला चुना, सगळा माल विकला जातो तो वजनावर. त्यामुळे गाडी काट्यावर चढते ती दोन-तीन मिनिटं फार मोलाची. किती माल गेला, कोणाला गेला, किती पैसे येणं झाले, चालकाची खेप धरली गेली की नाही, हे सगळं तिथे ठरतं. पूर्वी ते वहीत लिहिलं जायचं, आता काटाघरातल्या संगणकात नोंदलं जातं.

समजा, अशा एका काट्यासाठी डेस्कटॉपवर चालणारा प्रोग्राम आपल्याला लिहायचा आहे. पडद्यावर दहा-बारा चौकटी येतील: पावती क्रमांक, तारीख, वेळ, गाडीचा नंबर, पार्टीचं नाव, गाव, माल, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन, दर, कर. यातली प्रत्येक चौकट ऑपरेटरनं दर वेळी हातानं भरायची म्हटलं, तर बाहेर गाड्यांची रांग लागेल. म्हणून प्रोग्रामर काही चौकटी आधीच भरून ठेवतो. या आधी भरलेल्या मजकुराला डीफॉल्ट म्हणतात.

ही सोयच आहे, आणि चांगली सोय आहे. पण तिच्यात एक गोष्ट दडलेली असते. काटाघरात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसानं तिथल्या प्रश्नाचं उत्तर परस्पर देऊन टाकलेलं असतं. कोणत्या प्रश्नाचं उत्तर असं द्यावं आणि कोणत्या प्रश्नाचं देऊ नये, हे ठरवायला माझ्या मते एकच कसोटी पुरते: हे उत्तर चुकलं, तर ते कोणाच्या लक्षात येईल, आणि कधी?

समोर येतं ते तसंच राहतं

डीफॉल्टला एवढं महत्त्व का द्यायचं? वापरणारा ते बदलू शकतोच की. बदलू शकतो हे खरं, पण बदलत नाही. सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं आहे याचा अभ्यास करणारे अमेरिकेतले जॅरेड स्पूल यांनी यावर एक अनुभव लिहून ठेवला आहे. त्यांनी मायक्रोसॉफ्ट वर्ड वापरणाऱ्या अनेकांकडून त्यांच्या संगणकातली सेटिंगची फाइल मागवली आणि कोणी काय बदललंय ते तपासलं. एक तरी सेटिंग बदललेली माणसं ५ टक्क्यांहूनही कमी निघाली.

त्या काळच्या वर्डमध्ये लिहिलेला मजकूर आपोआप जतन करण्याची सोय होती, पण ती मुळात बंद ठेवलेली होती. म्हणजे बहुतेक लोक ती सोय असूनही तिच्याशिवाय काम करत होते. त्यांना कारण विचारलं, तेव्हा अनेकांनी सांगितलं की कंपनीनं काही तरी विचार करूनच ती बंद ठेवली असणार. स्पूल यांनी पुढे कंपनीतल्या ओळखीच्या माणसाकडून माहिती काढली. खरं कारण असं निघालं की सेटिंगची फाइल तयार करताना प्रोग्रामरनं सगळीकडे शून्य भरलं होतं, आणि शून्य म्हणजे बंद. त्यामागे कोणताही विचार नव्हता.

या गोष्टीतला धडा गंभीर आहे. समोर आलेल्या उत्तरावर माणूस विश्वास ठेवतो, कारण त्यामागे कोणी जाणकार असेल असं तो धरून चालतो. तो विश्वास खरा ठरवणं हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचं काम आहे.

एक जून

महाराष्ट्रात डीफॉल्टचं सर्वांत मोठं उदाहरण संगणकाच्या कितीतरी आधीचं आहे, आणि ते शाळेच्या दाखल्यांवर आहे. जुन्या पिढीत खेड्यातली बहुतेक मुलं घरीच जन्मायची. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ सालचा. त्यानंतरही अनेक वर्षं नोंदणी घरोघरी पोचली नव्हती. मूल शाळेत घालायला आणलं की आई सांगायची, पोळ्याच्या पुढेमागे झाला, किंवा मोठा पूर आला त्या साली. शाळेच्या रजिस्टरला मात्र दिवस, महिना आणि साल तिन्ही हवं असायचं. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होणारं. मग पहिलीच्या वयात बसेल असं साल धरून गुरुजी लिहायचे: १ जून.

त्यामुळे आजही १ जूनला महाराष्ट्रात वाढदिवसांची गर्दी असते. तिचा माग सरकारी नोकरीतही दिसतो. राज्य शासनाच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ५८ आहे, आणि ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दर वर्षी ३१ मे रोजी राज्यातल्या कार्यालयांत, शाळांत आणि पोलीस ठाण्यांत एकाच दिवशी निरोपसमारंभ होतात.

गुरुजींनी मुलाचं भलंच केलं. तारखेवाचून त्याचं शिक्षण अडू दिलं नाही. उणीव होती ती रजिस्टरमध्ये. ‘माहीत नाही’ किंवा ‘अंदाजे’ असं लिहायला त्यात जागाच नव्हती. परिणामी खरोखर १ जूनला जन्मलेला आणि तारीख माहीत नसलेला, हे दोघं कागदावर कायमचे एकसारखे झाले. आता कितीही हुशार संगणक लावला तरी त्यांना वेगळं करता येणार नाही, कारण तो फरक लिहिलाच गेला नाही. आधारच्या नोंदणी अर्जात जन्मतारखेपाशी ‘डिक्लेअर्ड’ आणि ‘व्हेरिफाइड’ असे दोन पर्याय असतात. तारीख सांगोवांगी आहे की कागदानं सिद्ध झालेली, हे तिथे तारखेबरोबरच नोंदलं जातं. प्रत्येक प्रोग्रामनं घ्यावा असा हा धडा आहे: उत्तर जपताना ते कुठून आलं हेही जपावं.

शून्य आणि रिकामी जागा

आता काट्याकडे येऊ. वजनाच्या चौकटीत सुरुवातीला काय असावं? अनेक प्रोग्रामर तिथे शून्य ठेवतात, कारण अंकाच्या चौकटीला शून्य सहज सुचतं. पण शून्याचा अर्थ आहे ‘वजन केलं आणि ते शून्य भरलं’. रिकाम्या चौकटीचा अर्थ आहे ‘वजन अजून व्हायचंय’. रिकाम्या गाडीच्या वजनात शून्य राहून गेलं, तर निव्वळ वजन म्हणून अख्ख्या गाडीचं वजन मालात धरलं जाईल. चौकट रिकामी असेल तर प्रोग्राम पावतीच काढणार नाही. इथे रिकामी चौकटच मालकाची आणि गिऱ्हाइकाची राखण करते.

जगाच्या नकाशावरही हीच गोष्ट दिसते. ज्या नोंदीत अक्षांश-रेखांश भरलेले नसतात, त्यांत प्रोग्राम शून्य-शून्य धरतो. तो बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, भर समुद्रात आहे. तिथे हवामानाच्या नोंदी घेणारा एक तरंगता बोया ठेवलेला होता, बेट मात्र नाही. तरीही चुकलेल्या नोंदींमुळे त्या जागेला ‘नल आयलंड’ असं नाव पडलं.

समुद्रातली चूक निदान ओळखू येते. जमिनीवरची चूक माणसांच्या मुळावर येते. अमेरिकेतली मॅक्समाइंड ही कंपनी इंटरनेटवरच्या पत्त्यांची भौगोलिक जागा सांगते. एखादा पत्ता अमेरिकेतला आहे एवढंच कळलं, गाव कळलं नाही, तर कंपनी देशाच्या मध्याजवळचा एक गोल आकडा देत असे: ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम. तो बिंदू कॅन्सस राज्यात पॉटविनजवळच्या एका शेतघराच्या अंगणात पडला. ६० कोटींहून जास्त इंटरनेट पत्ते त्या एका घराशी जोडले गेले. चोरी, फसवणूक, हरवलेली माणसं, कशाचाही तपास करत पोलीस आणि संतापलेले लोक वर्षानुवर्षं तिथे येत राहिले. २०१६ मध्ये पत्रकार कश्मीर हिल यांनी हे उघडकीला आणलं, तेव्हा कंपनीनं तो बिंदू हलवून एका तलावात नेला.

हा धोका आपल्याही दाराशी आहे. अमेरिकेच्या सीआयएच्या ‘वर्ल्ड फॅक्टबुक’मध्ये भारताची जागा म्हणून २० अंश उत्तर आणि ७७ अंश पूर्व हे आकडे दिलेले होते. हा बिंदू विदर्भातच, वाशिम शहराच्या नैर्ऋत्येला थोड्या अंतरावर येतो. कोणी हे आकडे डीफॉल्ट म्हणून घेतले, तर पत्ता न कळलेला अख्खा भारत तिथल्या शिवारात जाऊन पडेल.

रिकाम्या गाडीच्या वजनाबाबत आणखी एक मोह असतो. तीच गाडी काल आली होती, मग कालचंच वजन चौकटीत आणून ठेवलं तर? ऑपरेटरचा एक फेरा वाचेल. पण गाडीचं रिकामं वजन रोज सारखं नसतं. डिझेलचं वजन लिटरला साधारण ८३० ग्रॅम. टाकीत २०० लिटर जास्त असेल तर तेवढ्यानंच सुमारे १६५ किलोंचा फरक पडतो. पावसाळ्यात चाकांना आणि डाल्याला चिकटलेला चिखल वेगळा. हा फरक कोणाच्या डोळ्यांना दिसणार नाही, पण महिन्याच्या खेपांत त्याची बेरीज होईल, आणि ती कोणाच्या तरी खिशातून जाईल. म्हणून जुनं वजन चौकटीत भरू नये. ते शेजारी, तारखेसह, नुसतं दाखवावं. नवं वजन त्याच्यापेक्षा फार वेगळं आलं तर प्रोग्रामनं विचारावं. जुन्या माहितीचा उपयोग उत्तर तपासण्यासाठी करणं हे उत्तर म्हणून खपवण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

आज म्हणजे कोणता दिवस?

तारखेच्या चौकटीत आजची तारीख भरावी, यावर कोणाचं दुमत नसेल. तरीही नेमकी इथेच गफलत होते. डेस्कटॉपवरचा प्रोग्राम सकाळी उघडला की दिवसभर, कधी कधी आठवडाभर उघडाच असतो. प्रोग्राम सुरू होताना तारीख एकदाच घेऊन ठेवली असेल, तर मध्यरात्रीनंतर रात्रपाळीत निघालेल्या पावत्यांवर कालचीच तारीख येईल. जिथे काम तीन पाळ्यांत चालतं, तिथे हा प्रश्न रोजचा. तारीख घ्यायची ती प्रत्येक नवी पावती उघडताना.

दुसरी अडचण संगणकाच्या घड्याळाची. आतली छोटी बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं. डॉसच्या काळापासूनच्या फाइलपद्धतीत तारखा १ जानेवारी १९८० पासून सुरू होतात, युनिक्सच्या पद्धतीत १ जानेवारी १९७० पासून. म्हणून बिघडलेल्या नोंदींत या दोन तारखा वारंवार भेटतात. उपाय सोपा आहे. संगणकाची तारीख शेवटच्या पावतीच्याही मागची निघाली, तर ती चौकटीत भरायचीच नाही, ऑपरेटरला विचारायचं.

तिसरी गोष्ट कामाच्या स्वरूपाची. काट्यावर ‘आज’ बरोबर आहे, कारण गाडी समोर उभी असते. पण तोच हिशेब ऑफिसात बसून बिलांच्या गठ्ठ्यातून भरणाऱ्यासाठी ‘आज’ चुकीचं आहे. तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बसून मार्चची बिलं भरत असतो. त्याला आधीच्या नोंदीचीच तारीख पुढे हवी असते. टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम वापरणाऱ्यांना हे अंगवळणी पडलेलं आहे: तारीख मागच्या नोंदीची राहते, बदलायची तेव्हा एफ-२ दाबायचं. चौकटीचं नाव ‘तारीख’ असलं तरी काम वेगळं असेल तर डीफॉल्टही वेगळं असायला हवं.

कोणतं राजूर, कोणती वणी?

गावाच्या चौकटीत दोन अक्षरं टाकली की पुढचं नाव आपोआप यावं, ही सोय आज सगळ्यांना हवी असते. राजूरसाठी तिचं काय होईल पाहा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात एक राजूर आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात गणपतीचं राजूर आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा हे तालुक्याचं गाव आहे. तालुका लिहून सुटका होईल म्हणावं, तर वणीही दोन आहेत. नाशिक जिल्ह्यातली सप्तशृंगी गडाजवळची वणी राज्यभर ठाऊक आहे. पहिलं जुळणारं नाव प्रोग्रामनं परस्पर उचललं, तर पावती पूर्ण शुद्ध दिसेल आणि पत्ता शेकडो किलोमीटर दूरचा असेल. म्हणून एकाहून जास्त नावं जुळली की निवड प्रोग्रामनं करू नये. गाव, तालुका, जिल्हा एका ओळीत दाखवावा, जवळचं गाव वर ठेवावं आणि बोट ऑपरेटरनं ठेवावं.

गाडीच्या नंबराचंही असंच. यवतमाळचा क्रमांक एमएच २९, म्हणून तेवढी अक्षरं आधीच भरून ठेवायचा विचार कोणालाही सुचेल. पण चंद्रपूरच्या एमएच ३४ च्या गाड्या या भागात सतत येणार. तेलंगणाची सीमाही लांब नाही. आदिलाबादची गाडी किती जुनी त्यावर तिचं पासिंग एपी ०१, टीएस ०१ किंवा २०२४ पासूनचं टीजी ०१ असेल. घाईत एमएच २९ तसंच राहिलं आणि पुढचे अंक बरोबर पडले, तर तयार होणारा नंबर खोटा दिसणार नाही. तो कदाचित दुसऱ्याच कोणाच्या गाडीचा असेल. ई-वे बिलावर तोच नंबर गेला तर गाडी रस्त्यात अडकेल. त्यापेक्षा काट्यावरची बोलण्याची रीत पाहावी. तिथे गाडी शेवटच्या चार अंकांनी ओळखली जाते. चार अंक टाकले की पूर्वी येऊन गेलेल्या त्या अंकांच्या गाड्या पूर्ण नंबरासह समोर याव्यात. टंकणं वाचतं आणि निवड डोळ्यांसमोर होते.

टक्केवारी शिळी होते

काही डीफॉल्ट लावली तेव्हा अगदी बरोबर असतात आणि नंतर एका दिवसात चुकीची होतात. २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत कोळशावर ५ टक्के जीएसटी होता आणि त्यावर टनामागे ४०० रुपये भरपाई उपकर. २२ सप्टेंबरपासून जीएसटी १८ टक्के झाला आणि उपकर गेला. ज्या प्रोग्राममध्ये ५ टक्के हा आकडा चौकटीत कायमचा कोरलेला होता, तो त्या सकाळपासून चुकीची बिलं काढणार.

ही चूक सहज पकडली जाईल असं वाटतं, पण हिशेब करून पाहा. समजा कोळशाचा दर टनाला ३,००० रुपये आणि माल २० टन. किंमत झाली ६०,०००. जुन्या पद्धतीनं ५ टक्क्यांचे ३,००० आणि उपकराचे ८,००० मिळून कर ११,०००. नव्या पद्धतीनं १८ टक्क्यांचे १०,८००. फरक फक्त २०० रुपयांचा. एकूण रक्कम पाहणाऱ्याला शंकाही येणार नाही, पण बिल पूर्ण चुकीचं असेल, कारण विकत घेणाऱ्याला जीएसटीची वजावट मिळते ती बिलावरच्या रकमेइतकीच.

यावरचा उपाय असा: कराचा दर एका आकड्यात न ठेवता, मालाप्रमाणे आणि लागू झालेल्या तारखेप्रमाणे तक्त्यात ठेवायचा. बिलाची तारीख पाहून प्रोग्रामनं दर उचलायचा. मग ऑगस्टचं बिल ऑक्टोबरमध्ये दुरुस्त करायला घेतलं तरी त्याला ऑगस्टचाच दर लागेल. आणि तो तक्ता काटामालकाच्या माणसाला स्वतः बदलता आला पाहिजे. दर बदलला की प्रोग्रामरच्या येण्याची वाट पाहणारा धंदा नियम बदलण्याच्या दिवशीच अडतो.

ठरवायचं कसं

एवढ्या उदाहरणांतून कामाची रीत हाती येते. प्रत्येक चौकट चारपैकी एका गटात टाकावी. पावती क्रमांक, वेळ, निव्वळ वजन या गोष्टी प्रोग्रामला निश्चित कळतात. त्या त्यानंच भराव्यात आणि कोणाला बदलू देऊ नयेत. तारीख आणि कर यांचं उत्तर इतर माहितीवरून काढता येतं. ते काढून भरावं, पण बदलायची मुभा ठेवावी आणि बदललं तर नोंद ठेवावी. माल आणि पार्टी ओळीनं तीच येत असतील, तर मागच्या पावतीवरून पुढे आणावीत. मात्र ती आणलेली आहेत हे वेगळ्या रंगानं दिसावं. आणि भरलं वजन, रिकामं वजन, गाडीचा नंबर यांच्या चौकटी कोऱ्या ठेवाव्यात. काट्याचं वजन थेट तारेतून येत असेल तर उत्तम, पण गाडी काट्यावर स्थिर झाल्यावरच ते उमटावं.

दिसण्यालाही महत्त्व आहे. ऑपरेटर चौकटीत पोचला की आधीचा मजकूर पूर्ण निवडलेला असावा, म्हणजे टाइप करताच तो पुसला जाईल. नमुना म्हणून फिक्या अक्षरांत दिलेला मजकूर आणि खरोखर भरलेला मजकूर यांत गल्लत होता कामा नये. किलो, क्विंटल की टन, हे चौकटीशेजारी ठळक छापलेलं असावं. एकक निवडायला लावणं म्हणजे चुकीला आणखी एक दार उघडणं.

प्रोग्राम लावून दिल्यावरही काम संपत नाही. कोणतं डीफॉल्ट किती वेळा बदललं जातं, हे महिन्यानं पाहावं. दहातल्या आठ पावत्यांवर ते बदललं जात असेल तर ते चुकीचं आहे, काढून टाकावं. एकदाही बदललं गेलं नसेल तर खूश होऊ नये. कदाचित ती चौकट विचारायचीच गरज नाही, किंवा कदाचित ऑपरेटर न पाहता एंटर दाबत पुढे जातो आहे. दोन्हींतलं खरं काय, ते पडद्यावरून कळत नाही. त्यासाठी काटाघरात एक पाळीभर बसावं लागतं, रांगेतल्या चालकाशी आणि पावत्या जुळवणाऱ्या मुनीमजींशी बोलावं लागतं. कोणती चूक कोणाला महागात पडते, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

दर वेळी ऑपरेटरचे दहा सेकंद वाचवणारं डीफॉल्ट ही त्याच्या श्रमाची कदर आहे, आणि जिथे खात्री नाही तिथे सोडलेली कोरी चौकट ही त्याच्या जाणतेपणाची. चांगल्या प्रोग्राममध्ये दोन्ही असतात. त्यातलं कोणतं कुठे, हे प्रत्येक चौकटीपाशी थांबून, चूक झाली तर कोणाला भोगावी लागेल हे विचारून ठरवलेलं असतं.